संवादाची चौकट

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने एक लहानशी पुस्तिका काढली. बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांतल्या आज्या-पणज्यांशी झालेल्या गप्पा ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या शक्य तितक्या जशाच्या तशा छापाव्यात, असा संकल्प होता. गायकवाडीत येऊन पाच-सहा पिढ्या झालेल्या या घरांतली मराठी पुण्यामुंबईच्या मराठीहून निराळी आहे. झोपाळ्याला सहज ‘हिंचका’ आणि ओट्याला ‘ओटला’ म्हणून जाणारी ही बोली लेखात उतरवू गेले की तिची प्रमाणभाषा होते. म्हणून लेख न करता संवादच छापायचे ठरले. एका बैठकीला तिघीचौघी बोलत असत. कोण काय म्हणाले हे वाचकाला कळावे यासाठी प्रत्येकीचे बोलणे निराळ्या चौकटीत आणि चौकटीच्या माथ्यावर तिचे नाव, अशी योजना केली.

संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्याने प्रत्येक चौकट हाताने आखली, तीत मजकूर ओतला आणि नाव वर वेगळे चिकटवले. अखेरच्या मुद्रितात आम्ही एक परिच्छेद गाळला. त्याबरोबर खालचा मजकूर एका चौकटीने वर सरकला आणि नावे जागच्या जागी राहिली. पुढची दोन पाने एका आजींच्या आठवणी त्यांच्या धाकट्या जावेच्या नावाखाली छापल्या गेल्या. अखेरची तपासणी आमचीच होती, तेव्हा दोषही आमचाच. पुस्तिका बाहेर आली तेव्हा त्या आजी हयात नव्हत्या. घरच्यांनी आमच्याकडे तक्रार केली नाही. पुढे एकदा त्यांच्याकडे गेलो असता कपाटातली प्रत पाहावयास मिळाली. दोन पानांवरची चुकीची नावे निळ्या शाईने खोडून वर आजींचे नाव लिहिलेले होते.

ती प्रत पाहिल्यापासून एक साधा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. लिहिलेल्या वा छापलेल्या पानावर कोण बोलत आहे, हे वाचकाला कशावरून कळते? आणि ते बिनचूक कळावे यासाठी आजवर कोणी काय केले? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही पोथ्यांपासून अमेरिकेतील एका गणितज्ञाच्या अक्षरजुळणीच्या यंत्रणेपर्यंत येऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उवाचपासून अवतरणचिन्हापर्यंत

आपल्या पोथ्यांत अवतरणचिन्ह नव्हते. शब्दही पुष्कळदा न तोडता एकाच शिरोरेषेखाली सलग लिहिले जात. अशा लिखाणात वक्ता ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे ‘उवाच’ हा शब्द. महाभारतात आणि पुराणांत श्लोकाच्या बाहेर, छंदाचा भाग न होता, तो बोलणाऱ्याच्या नावासह येतो. पुष्कळ लेखनिक ही नावे हिंगुळाने किंवा गेरूने तांबडी करीत, म्हणजे वाचणाऱ्याची नजर पानावर पडताच वक्ता कोठे बदलला ते दिसे. शाईचा रंग ही या देशातील संवादाची पहिली चौकट म्हणावी लागेल.

मराठीत आल्यावर हे काम क्रियापदाकडे आले. ज्ञानेश्वरी हा कृष्णार्जुनांचा आणि त्यावर पुन्हा संजय-धृतराष्ट्रांचा संवाद. तेथे वक्ता बदलल्याची खूण ओवीच्या पोटातच असते. तेराव्या शतकातील लीळाचरित्राचे गद्य तर जवळजवळ संभाषणांनीच भरलेले आहे. तेथेही ‘म्हणणे’ या धातूची रूपे हीच वक्त्याची खूण. कानाने ऐकणाऱ्याला तेवढे पुरत असे, कारण कीर्तनकार किंवा पोथी सांगणारा आवाजानेच पात्रे वेगळी करी.

महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या मराठी समाजांना या इतिहासात मोठे स्थान आहे. तंजावरच्या भोसले राजांपैकी शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठीत नाटके रचली. त्यांपैकी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील आद्य नाटकांत गणले जाते. पुढे त्याच गादीवरील सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना घातला. तेथून छापून निघालेल्या पुस्तकांत इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर होते. इसापच्या गोष्टी म्हणजे कोल्हा, कावळा, सिंह यांची संभाषणेच.

१८०५ या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. त्या साली बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यात विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. इंग्रजीतून लिहिलेल्या या व्याकरणातील मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांनी छापलेला होता. पुस्तकाच्या नावातच नित्याच्या विषयांवरील संवाद जोडल्याचा उल्लेख आहे. मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबाला रोजचे बोलणे कळावे हा त्यामागील हेतू. मराठी गद्य खिळ्यांनी छापले जाऊ लागले त्या पहिल्या टप्प्यावरच माणसामाणसांतील संभाषण छापले गेले, आणि तेही मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर.

मराठी पानावर अवतरणचिन्ह स्थिरावले ते मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० साली निघाले. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह ही आपण आज उपजतच समजतो ती चिन्हे त्या काळच्या वाचकास नवी होती. त्यानंतर १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक छापून आले आणि डावीकडे पात्राचे नाव व पुढे त्याचे भाषण ही नाटकी मांडणी मराठी वाचकाच्या नजरेत बसू लागली. १८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात. प्रत्येक बोलण्याआधी नाव असल्यामुळे शंका कोणाची आणि उत्तर कोणाचे याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. ज्या समाजाला बोलण्याचीच मुभा नव्हती त्याच्या तोंडचे शब्द त्याच्याच नावाखाली छापणे, हा त्या मांडणीचा अर्थ आहे.

चौकट येते

नाव लिहून वक्ता दाखविण्याच्या या रीतीशेजारी चित्रकारांची एक निराळी रीत युरोपात चालत आली होती. मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रांत देवदूताच्या किंवा संताच्या हातातून अथवा तोंडापासून एक लांब पट्टी निघे आणि तिच्यावर त्याचे शब्द लिहिलेले असत. अठराव्या शतकातील इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्या पट्टीचा फुगा केला. २५ ऑक्टोबर १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात रिचर्ड औटकोल्ट यांच्या ‘यलो किड’ या पोराचे एक चित्र आले. त्यात फोनोग्राफच्या पेटीतून निघणारे शब्द फुग्यांत घातलेले होते. चित्रकथेच्या इतिहासात या चित्राला मान आहे. आवाज पेटीत बंद करणारे यंत्र नवे होते आणि त्याच यंत्राचे चित्र काढताना आवाजाला कागदावर चौकट मिळाली, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. आपल्याकडे १९६७ पासून निघालेल्या ‘अमर चित्रकथां’नी हा फुगा घराघरांत नेला आणि त्याचे शेपूट ज्याच्या तोंडाकडे वळलेले तो बोलतो, हे मुलांनाही कोणी शिकवावे लागले नाही.

परंतु चित्रातला फुगा चित्रकार हाताने काढतो. खिळ्यांच्या छापखान्यात बोलण्याभोवती चौकट घालणे हे मोठे जिकिरीचे काम होते. जुळारी आधी मजकूर जुळवी, त्याची लांबीरुंदी पाही, मग पितळी पट्ट्या मापाने कापून चार बाजूंना बसवी आणि कोपरे जुळवी. मुद्रिते तपासणाऱ्याने एक ओळ वाढवली की उभ्या पट्ट्या आखूड पडत आणि सारे पुन्हा मोडून बांधावे लागे. त्यामुळे चौकट ही जाहिराती, लग्नपत्रिका आणि मृत्युलेख यांच्यापुरतीच राखलेली असे. पाठोपाठ दोनशे बोलणी चौकटींत घालावीत, असे कोणा शहाण्या मुद्रकाने मनात आणले नसते.

एका गणितज्ञाची नाराजी

आता आपल्याला कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात जावयाचे आहे. तेथील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ हे संगणकशास्त्रावरील ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथमालेचे कर्ते. तिचे पहिले तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ मध्ये निघाले ते धातूच्या खिळ्यांवर जुळवून. दुसऱ्या खंडाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, १९७७ च्या मार्चअखेर, त्यांच्या हाती मुद्रिते आली ती प्रकाशजुळणीच्या नव्या यंत्रांवर केलेली. अक्षरांचे वळण बिघडलेले, अंतरे विषम. आपण आयुष्य घालून लिहिलेले पुस्तक असे कुरूप छापले जाणार हे त्यांना सोसले नाही. त्याच सुमारास बारीक ठिपक्यांनी अक्षर उमटविणाऱ्या यंत्रावर केलेली एक जुळणी त्यांनी पाहिली होती. अक्षर जर ठिपक्यांचे असेल तर कोणते ठिपके काळे करावयाचे हा गणिताचा प्रश्न आहे, तेव्हा तो आपला प्रश्न आहे, असे त्यांनी मनाशी घेतले.

मे १९७७ मध्ये त्यांनी आराखडा लिहिला. या यंत्रणेचे नाव ‘टेक’. कला आणि कौशल्य या दोहोंचा बोध करून देणाऱ्या ग्रीक शब्दाची ती पहिली तीन अक्षरे. शेवटचे ग्रीक अक्षर घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळपास उच्चारावे, असा कनूथ यांचा आग्रह होता. वर्षभरात उरकेल असे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. सगळी यंत्रणा त्यांनी नव्याने लिहून काढली, १९८४ साली तिच्यावरील ‘द टेकबुक’ हे पुस्तक निघाले आणि १९९० मध्ये यापुढे चुका दुरुस्त करण्यापलीकडे काही बदलणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’ या गणिती संख्येच्या एकेक अंकाने जवळ सरकतो. २०२१ च्या आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. चूक दाखवून देणाऱ्याला ते स्वतःच्या सहीचा धनादेश पाठवीत. त्याची सुरुवातीची रक्कम २ डॉलर ५६ सेंट असे. ही सारी यंत्रणा त्यांनी कोणताही मोबदला न घेता सर्वांना खुली ठेवली.

याच कनूथ यांनी १९७४ मध्ये ‘सर्रीयल नंबर्स’ नावाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले होते. नव्या जातीच्या संख्यांचा शोध एक तरुण आणि एक तरुणी गप्पा मारता मारता लावतात, अशी ती गणिताची कादंबरिका आहे आणि ती आरंभापासून अखेरपर्यंत संवादात लिहिलेली आहे. नॉर्वेत वास्तव्य असताना ऑस्लोमधील एका हॉटेलात आठवडाभरात त्यांनी ती लिहून काढली. अक्षरजुळणीचा विचार करू लागण्यापूर्वीच हा माणूस संवादाचा लेखक होता, ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली.

पेटी, स्प्रिंग आणि संकेत

टेकच्या दृष्टीने पानावरील प्रत्येक वस्तू ही पेटी आहे. एका अक्षराची पेटी, अक्षरांच्या पेट्या जुळून झालेली ओळीची पेटी, ओळी एकाखाली एक रचून परिच्छेदाची आणि परिच्छेद रचून पानाची. प्रत्येक पेटीला रुंदी, उंची आणि तळरेषेखालील खोली अशी तीन मापे. पेट्यांच्या मधली जागा ताणता किंवा आवळता येते. या जागेला कनूथ यांनी ‘डिंक’ अशा अर्थाचे नाव दिले. तिला स्प्रिंग म्हणणे अधिक योग्य झाले असते, हेही त्यांनीच नमूद केले आहे. खिळ्यांच्या जुळाऱ्याला यात नवे काही वाटू नये. खिळा ही पेटी, मधली फट ही स्प्रिंग. फरक मापाचा. टेक एका इंचाचे ७२.२७ पॉइंट धरतो आणि एका पॉइंटाचे पुन्हा ६५,५३६ भाग करून मोजतो, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही सूक्ष्म.

पेटीची मापे यंत्राला आधीच ठाऊक असल्यामुळे चौकटीचा जुना प्रश्न एका फटक्यात सुटला. मजकूर पेटीत घालावा, पेटीची उंची-रुंदी विचारावी आणि तेवढ्याच लांबीच्या रेघा चार बाजूंना काढाव्यात. एक ओळ वाढली तर रेघाही तेवढ्या वाढतात. पितळी पट्टी पुन्हा कापावी लागत नाही.

पण त्याहून मोलाची गोष्ट मॅक्रो ही होय. मॅक्रो म्हणजे आपण ठरवलेला संकेत. एक छोटा शब्द लिहावा आणि यंत्राने त्याच्या जागी आपण पूर्वी सांगून ठेवलेली सगळी कृती करावी. संकेतात एकपासून नऊपर्यंत रिकाम्या जागा ठेवता येतात आणि दर वेळी त्या जागी निराळा मजकूर देता येतो. घरात पूजेची तयारी करायला सांगताना आपण ताम्हन, पळी, गंध, फुले यांची यादी वाचत नाही. ‘पूजेचे मांड’ एवढेच म्हणतो आणि देव कोणता ते सांगतो. तयारी ठरलेली, देवाची जागा रिकामी.

संवादाच्या चौकटीचा संकेत याच चालीने बांधता येतो. त्यात दोन रिकाम्या जागा: पहिली नावासाठी, दुसरी बोलण्यासाठी. संकेताच्या पोटात यंत्राला एकदाच सांगून ठेवायचे की नाव ठळक घे, बोलणे ओळीच्या दोनतृतीयांश रुंदीच्या पेटीत बसव, पेटीभोवती थोडी मोकळी जागा सोड, रेघ काढ आणि सारे डावीकडे किंवा उजवीकडे सरकव. पुढे लेखकाने फक्त नाव आणि बोलणे लिहीत जावे. मागाहून वाटले की रेघ जाड हवी, कोपरे गोल हवेत किंवा चौकटच नको, नुसते नाव पुरे, तर बदल एका ठिकाणी करावयाचा. पुस्तकातील दोनशेही बोलणी त्याच क्षणी नव्या वेषात उभी राहतात. नाव मात्र बोलण्यापासून सुटत नाही, कारण ती दोन्ही एकाच संकेताच्या पोटात आहेत. आमच्या पुस्तिकेत नेमके हेच नव्हते. तेथे नाव आणि बोलणे शेजारी शेजारी होते, पण एकमेकांस बांधलेले नव्हते.

कनूथ यांनी येथे आणखी एक दूरदृष्टी दाखवली. रिकाम्या जागेतील मजकुराला महिरपी कंसांचे कुंपण घालावे लागते. बंद करणारा कंस राहून गेला तर एकीचे बोलणे पुढचीच्या बोलण्याला गिळीत जाईल. म्हणून टेकच्या साध्या संकेतात असा नियम आहे की परिच्छेद संपला आणि कुंपण मिटले नाही तर यंत्राने तेथेच थांबावे आणि मजकूर कुंपण ओलांडून पळाला की काय, असे विचारावे. चूक एका परिच्छेदापलीकडे पसरू द्यायची नाही, हा त्यामागील विचार. चूक झाली असता जो गप्प राहत नाही असा जुळारी, हे आमच्यासारख्या होरपळलेल्यांना किती मोलाचे वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

लाटेक आणि नंतरची मंडळी

टेक समर्थ खरा, पण सामान्य लेखकाला अवघड. १९८० नंतरच्या काही वर्षांत लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्याच्या संकेतांवर आणखी एक थर बांधला, तो ‘लाटेक’. त्यावरील त्यांचे पुस्तक १९८६ साली निघाले आणि आज वापरात असलेल्या लाटेकची पायाभूत आवृत्ती १९९४ ची. लॅम्पोर्ट यांचा मुख्य आग्रह असा की लेखकाने वस्तू काय आहे ते सांगावे. ती कशी दिसावी हे दुसरीकडे ठरावे. ‘हे ठळक कर’ असे न लिहिता ‘हे प्रकरणाचे नाव आहे’ असे लिहावे. आपला ‘उवाच’ शब्दही हेच करतो. अक्षर केवढे, शाई कोणती, हे तो सांगत नाही. हा वक्ता आहे, एवढेच सांगतो. म्हणून तीच पोथी एका लेखनिकाने काळ्या आणि दुसऱ्याने तांबड्या शाईत उतरवली तरी संवाद बिघडत नाही.

लाटेकमध्ये साधी चौकट पहिल्यापासून होती. तिची रेघ मुळात ०.४ पॉइंट जाडीची आणि रेघ व मजकूर यांमधील अंतर ३ पॉइंट. दोन्ही बदलता येतात. मात्र ती पानाच्या शेवटी तुटत नाही. आमच्या एका आजींचे बोलणे दीड पानाचे होते, ते अशा चौकटीत मावणे शक्य नव्हते. या शतकाच्या पहिल्या दशकात टिल टांटाऊ यांनी ‘टिक्झ’ नावाची चित्ररेखाटनाची भाषा टेकवर उभी केली. तिच्यात चौकोनी, लंबगोल आणि ढगासारखे असे शेपूट असलेले संवादाचे फुगे तयार मिळतात आणि शेपटाचे टोक कोठे जावे तेही सांगता येते. पुढे थॉमस स्टुर्म यांच्या ‘टीकलरबॉक्स’ या संकेतसंचाने चौकटीला पानावर तुटण्याची सोय दिली. त्याचबरोबर रंग, कोपरे, माथ्यावरील नावपट्टी, सावली अशी एकेक गोष्ट नाव घेऊन बदलता येऊ लागली. हे सारे लोक वेगवेगळ्या ठिकाणचे. एकाने केलेल्या संकेतावर दुसऱ्याने आपला संकेत रचला. कनूथ यांनी पाया विकला नाही म्हणूनच हे मजले चढू शकले.

देवनागरीचा प्रवेश

देवनागरीचे काय, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाऊस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरी अक्षरे आणि ती जुळविणारी यंत्रणा तयार केली. त्या वेळी मजकूर रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीने टंकावा लागे आणि एक स्वतंत्र कार्यक्रम त्याचे देवनागरी करी. पुढे या संचात मुंबई, कलकत्ता आणि नेपाळी अशी वळणेही निवडता येऊ लागली. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकांतल्याहून निराळा असतो, याची दखल परदेशी सिद्ध झालेल्या यंत्रणेत घेतली गेली हे विशेष.

२००४ साली जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ काढले आणि युनिकोडमधील मजकूर थेट देवनागरीत टंकण्याची सोय झाली. त्यामुळे संकेताचे नावही मराठीत ठेवता येते. उलटी तिरकी रेघ देऊन पुढे ‘आजी’ असे लिहावे आणि यंत्राने ते पाळावे! मराठीतून लाटेक शिकविणारी पुस्तिकाही आता उपलब्ध आहे. एका फ्लॉपीवरील फाँट दुसऱ्या संगणकावर उघडेनासा होण्याच्या काळातून आपण सारे गेलो आहोत. आमच्या त्या पुस्तिकेची मूळ फाइल आज उघडली तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, कारण ती एका विशिष्ट फाँटापुरतीच मराठी होती. टेकची फाइल म्हणजे साधा मजकूर. ती कोणत्याही संगणकावर उघडते आणि छापली नाही तरी नुसती वाचता येते.

पुन्हा आज्यांकडे

गेल्या काही महिन्यांत आम्ही ती पुस्तिका पुन्हा हाती घेतली. ध्वनिमुद्रणे सुदैवाने शाबूत होती. संस्थेतील अभियांत्रिकी शिकलेल्या एका तरुण सभासदाने संकेत बांधून दिले. प्रत्येक वक्त्याला स्वतःचा संकेत आहे. नाव लिहिताना चुकले तर असा संकेत मला ठाऊक नाही, असे सांगून यंत्र ओळीचा क्रमांक दाखवते. सुरुवातीला आमच्यापैकी वयस्कर मंडळींना कंस आणि तिरक्या रेघा यांचा फार जाच वाटला. एका संध्याकाळी एकच कंस शोधण्यात दोन तास गेले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

यंत्राची मर्यादाही याच कामात कळली. ध्वनिफितीत दोन जावा एकाच वेळी बोलतात, त्यांचे आवाज सारखे, बोलण्याची ढबही सारखी. अशा ठिकाणी कोणाचा संकेत लिहावा हे कोणताही मॅक्रो सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी आम्ही त्या घरी गेलो. सुनांनी आणि नातवंडांनी मुद्रण ऐकले. काही ठिकाणी त्यांनी तत्काळ आवाज ओळखला, दोन ठिकाणी घरातच एकमत झाले नाही. त्या दोन बोलण्यांच्या चौकटीवर आम्ही दोन्ही जावांची नावे घातली आहेत. पोथीच्या लेखनिकाला, जुळाऱ्याला आणि संगणकालाही जे काम दुसऱ्यावर सोपवावे लागते ते हे. आधी कोणीतरी कान देऊन ऐकलेले असावे लागते.

दूर वसलेल्या आपल्या घराण्यांच्या कागदपत्रांत सनदा, जमाखर्च आणि वंशावळी पुष्कळ सापडतात. बायकांचे बोलणे सापडत नाही, कारण ते कोणी लिहून ठेवले नाही आणि ठेवले तर कोणाचे ते नोंदवले नाही. ज्या वाचकांच्या घरी अशा ध्वनिफिती, पत्रे किंवा आठवणींच्या वह्या असतील त्यांनी त्यांवर निदान नाव आणि साल आजच लिहून ठेवावे. चौकट मागाहून कोणालाही घालता येईल.

नव्या आवृत्तीचे पहिले मुद्रित निघाले तेव्हा नावे काळी होती. संकेतातील एक शब्द बदलून आम्ही ती तांबडी केली, पोथीतल्या हिंगुळासारखी. मग त्या दोन पानांची प्रत घेऊन आम्ही आजींच्या घरी गेलो. सूनबाईंनी चष्मा लावून प्रत्येक चौकटीवरचे नाव बोट ठेवून वाचले आणि कपाटातली जुनी प्रत आमच्याकडे परत दिली. ती आता संस्थेच्या ग्रंथालयात, निळ्या शाईच्या दुरुस्त्यांसह, जपून ठेवलेली आहे.